ऑर्गनवरचा रोवणा

एका कॅसेटचा कस लावायला मी ती धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, नेली होती. परवा नातीला हे सांगितलं तेव्हा तिनं मोबाईलमधून डोकं वर काढलं आणि विचारलं, "म्हणजे आजी, चिखलात बुडवली का?" बुडवली असती तर एक वेळ परवडलं असतं. मी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला भोंगा बांधवून घेतला, खाली पोत्यावर बॅटरी ठेवली, आणि ओणव्या होऊन धान रोवणाऱ्या बायांना सांगितलं, की आज तुम्ही गाणं म्हणायचं नाही, आज भोंगा म्हणेल. त्या दिवशी मी स्वतःला फार हुशार समजत होते. आमच्याकडे वयात आलेल्या मुलीचं एकतर लग्न उरकत नाहीतर तिला कामाला जुंपत. माझ्या बाबांनी यातलं एकही धड केलं नव्हतं, त्यामुळे जगावर संशय घ्यायला माझ्याकडे रिकामा वेळ पुष्कळ होता.

नाव इंदू, पण घरात मला फौजदार म्हणत. मांजर दूध पिऊन गेली तरी मी मांजरीच्या आधी थोरल्या भावाच्या मिशा तपासायचे. तेलाच्या बाटलीला कोळशानं रेघ ओढून ठेवायचे. पाहुणा आला की तो कशासाठी आला हे तो सांगेल त्यावर कधीच विश्वास ठेवला नाही; तो चहा पितापिता कुठे पाहतो यावर ठेवला. ही खोड अजून गेलेली नाही. सिलिंडर आला की मी तो उचलून पाहते, आणि देणारा पोरगा म्हणतो, आजी, तुमच्या हातात काटा बसवला आहे काय? म्हटलं, बसवला आहे, म्हणून तर तू सरळ आहेस.

आमचं गाव साकोली तालुक्यातलं, एकोडीच्या थोडं पलीकडे. एका अंगणात दोन चुली होत्या. एक आमच्या मायची, दुसरी भागरथाकाकीची. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, माहेर लाखांदूरकडचं. अंगानं बारीक, दात पुढे, आणि चालताना एक पाय किंचित आत वळायचा. तिच्याकडे पाहून कुणी म्हटलं नसतं की ही बाई गाणी रचते. रचायची मात्र भांडी घासताना. राख आणि पेंढा घेऊन ती मोरीपाशी बसली की घरभर खरखर ऐकू यायची, आणि खरखर थांबली की समजायचं, ओळ अडली. माय तेवढ्यात हाक मारायची, "भागरथे, गंज घासून राह्यली का गंजाले गानं शिकवून राह्यली?" गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. थोड्या वेळानं खरखर पुन्हा सुरू व्हायची, जास्त जोरात, आणि मला कळायचं की ओळ सापडली. तिला लिहिता येत नव्हतं. ओळ सापडली की ती मला बोलवायची, दोनदा म्हणून दाखवायची आणि म्हणायची, "ठेव." मी ठेवायचे. म्हणजे तिच्या गाण्यांची तिजोरी मी होते, आणि तिजोरीला असतो तसा मला गर्व होता.

गाणी व्हायची रोवण्याच्या दिवसांत. ज्यांनी रोवणा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बाया एका ओळीत वाकतात आणि मागे मागे सरकत जातात. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हातानं दोन-तीन रोपं वेगळी काढून अंगठ्यानं चिखलात दाबायची. ती दाबणं महत्त्वाचं. वरवर टोचलं तर रोप रात्रीतून सुटतं आणि पाण्यावर तरंगतं. आता काकीच्या गाण्यात गंमत अशी होती की ओळीच्या शेवटी तिचा आवाज खाली जायचा, आणि आवाज खाली गेला की शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचा अंगठा चिखलात जायचा. तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं होतं बगळ्याचं. धुऱ्यावर पांढरी टोपी घालून उभ्या असलेल्या मालकांना ते बरोबर लागायचं:

धुऱ्यावरल्या बगळ्या, तुले कोनं देल्ला सदरा,
आमी चिखलात वाकलो, तू पाह्यत उभा बरा.

पहिली ओळ काकीची. दुसरी आम्ही उचलायची, म्हणजे आधी मी आणि माझ्यामागून बाकीच्या. "तू पाह्यत उभा बरा" हे मी इतक्या तोऱ्यात म्हणायचे की एकदा बाबा खरंच धुऱ्यावरून निघून गेले होते. सगळी पंगत हसली. काकी मात्र हसली नाही, तिनं लगेच पुढची ओळ टाकली, कारण हसलं की हात थांबतो.

काकीची पहिली कॅसेट अशीच निघाली. नागपूरची एक छोटी कंपनी होती, तिचा माणूस मंडईच्या दिवसांत आमच्याकडे फिरत असे. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. दिवसा दुकानं, पाळणे, आणि मग दंडार हे आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य नाहीतर नाटक. त्या माणसानं काकीला ऐकलं, नागपूरला नेलं. एक ढोलकी, एक टाळ, काकी, मी आणि गावातल्या दोघी. एका दुपारीत सगळं आटोपलं. कव्हरवर काकीचा फोटो होता, डोळे मिटलेले, कारण फोटोग्राफरनं टिचकी वाजवली तेव्हा तिची नेमकी पापणी लवली. आमची नावं कव्हरवर नव्हती, पण आवाज होता, आणि त्या वर्षी पानठेल्यावर, मंडईत, एस. टी. स्टँडजवळच्या हॉटेलात, जिथं जाईन तिथं मला मी ऐकू येत होते. मी रस्त्यानं जरा हळूच चालायचे. वाटायचं, कुणीतरी ओळखेल. ओळखलं कुणीच नाही, पण हळू चालायची सवय लागली.

मग दुसऱ्या कॅसेटचं सुरू झालं, आणि आमच्या अंगणात देवेनबाबू आले. कंपनीनं त्यांना संगीत लावायला पाठवलं होतं. पांढरी पॅन्ट, गळ्यात साखळी, आणि एक लांब पेटी, जिच्यात ऑर्गन होता. पांढरी पॅन्ट घालून जो माणूस धानाच्या गावात येतो त्याचा हेतू शुद्ध असूच शकत नाही, असं मी पहिल्या मिनिटात ठरवलं. जेवायला मायनं बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या, झिंग्यांची भाजी केली होती, वांगं घालून, लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि भात. देवेनबाबूंनी चमचा मागितला. घरात चमचा एकच होता, औषधाचा. तो दिला. त्या इवल्या चमच्यानं ते भात खात बसले आणि मी दाराआड उभी राहून मायला म्हटलं, "माय, जो माणूस भाताले हात लावत नाई, थो गान्याले काय हात लावू देईन?"

"तू आत हो," माय म्हणाली. "झिंगे वाढाचे हायत अजून."

जेवण झाल्यावर काकी मोरीपाशी बसली. देवेनबाबू सुपारी कातरत अंगणात फिरत होते, आणि मी पाहिलं की त्यांच्या खिशातून एक छोटा टेपरेकॉर्डर बाहेर आला, त्यावर लाल दिवा लागला, आणि तो त्यांनी मोरीच्या कट्ट्यावर, काकीच्या पाठीमागे, हळूच ठेवलं. काकी भांडी घासत गुणगुणत होती. चोरी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. ते गेल्यावर मी काकीला सगळं सांगितलं. दिवा कुठल्या रंगाचा होता, यंत्र कुठल्या बाजूला होतं, त्यांचा चेहरा कसा होता.

"मंग?" काकी म्हणाली.

"मंग काय मंग. तुयं गानं खिशात घालून नेलं त्यानं."

"नेऊ दे. गंजाचा खरखराट बी गेला त्याच्यासंगं. थो बी वाजवू दे नागपुरात." आणि हसत हसत तिनं तवा पालथा घातला.

तिच्या हसण्यावरही मला संशय आला. भोळी माणसं अशीच हसतात आणि लुटली जातात. शिवाय त्या दिवसापासून घरात सगळंच संशयास्पद व्हायला लागलं. काका, जे दिवाळीलाही डोक्याला तेल लावत नसत, ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून भंडाऱ्याच्या बसनं जायला लागले. काकी त्यांच्याबरोबर नागपूरला जायची आणि मला म्हणायची, "तू राय घरी, पोरी. पऱ्हे तयार होऊन राह्यले, रोवणा तोंडावर आला." मी नाही तर झील कोण धरतं, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिच्या पिशवीत मला गळ्याला चघळायच्या गोळ्या सापडल्या. काकीनं जन्मात घशासाठी मिठाच्या गुळण्यांपलीकडे काही केलं नव्हतं. मी एक गोळी चाखून पाहिली. थंड होती. जिभेवर अशी थंडी ठेवणाऱ्या माणसांनी माझ्या काकीला काय काय चारलं असेल, या विचारानं मी उरलेल्याही गोळ्या खाऊन टाकल्या.

देवेनबाबू पुन्हा आले ते एका दुपारी. काकीच्या खोलीत बसले. मी कुडाला कान लावून बाहेर उभी. आतून काकीचा आवाज आला, कधी नव्हे तो ताठ: "नाई बाबू. मले हे पटत नाई. म्या एकदा सांगतलं ना." आणि देवेनबाबू मऊ आवाजात, "काकीजी, एकदा ऐकून तर घ्या माझं." मग पुष्कळ वेळ कुजबुज. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "ठीक आहे. ही कॅसेट घरी ऐका. कुणाच्या हाती देऊ नका, अजून बाजारात आलेली नाही. पुढच्या हप्त्यात येतो. तुम्ही हो म्हटलं की निघेल, नाही म्हटलं तर पुन्हा बसू." आणखी काय पुरावा हवा होता मला? माझी काकी नाही नाही म्हणत होती आणि नागपूरचा माणूस तिच्या गळी उतरवत होता.

ती बिनकव्हरची पांढरी कॅसेट काकीनं पापडाच्या डब्यात लपवली. फौजदाराच्या घरात पापडाचा डबा ही काही लपवायची जागा नव्हे. घरची सगळी बाजाराला गेली तेव्हा मी टेपरेकॉर्डर उशीखाली धरून, अगदी बारीक आवाजात ती ऐकली.

आधी ऑर्गन वाजला. लग्नाच्या मांडवावर रंगीत दिवे पळतात ना एकामागून एक, तसा तो पळत होता. मग एक ढोल, जो ढोल नव्हता. कुणीतरी पिंपावर मोजून मोजून थाप मारत होतं, एकही चूक न करता, आणि फार घाईत. मग काकी. तिचा आवाज विहिरीत उतरून गायल्यासारखा, प्रत्येक शब्दाच्या मागे त्याच शब्दाची सावली. गाणं तेच होतं, बगळ्याचं. पहिली ओळ संपली. आता माझी. मी उशीवर डोकं टेकून श्वास धरला, आणि माझ्या ओळीच्या जागी नागपूरच्या दोन पोरी गोड, चिंचोळ्या आवाजात म्हणाल्या, "तू पाह्यत उभा बरा", आणि वर "हो हो हो" केलं.

आज या वयात खरं सांगायला काही जात नाही. मला राग आला तो त्या "हो हो हो"चा. पण त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, की मला राग आला आहे आपल्या मातीच्या गाण्याची विटंबना झाली म्हणून. तरुणपणी माणूस स्वतःच्या दुखण्याला मोठं नाव देतो. माझ्या दुखण्याला तर मी सगळ्या झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या अख्ख्या धानाच्या मुलखाचं, नाव दिलं. उशीत तोंड खुपसून मी शपथ घेतली, की काकीला या माणसाच्या हातून सोडवीन.

उपाय सुचला तो मात्र आमच्याच गावच्या पोरीला सुचू शकला असता. काकीच नेहमी म्हणायची, की रोवताना ज्याच्यावर हात चालत नाही ते गाणं नाही, तो कलकलाट. मग ठरलं. गाणं बांधीत वाजवायचं. बायांचे हात अडतील, पंगत मोडेल, सगळ्या म्हणतील, बंद करा हे. म्हणजे देवेनबाबू आल्यावर काकीला एकटीला नाही म्हणावं लागणार नाही. तिच्या मागे अख्खी पंगत उभी राहील. काकी माहेरी कुणाच्या तरी साखरपुड्याला लाखांदूरकडे गेली होती. ती दुसऱ्या दिवशीच्या बसनं येणार होती. आमच्या मोठ्या बांधीत रोवणा लागला होता. मी गावातल्या बळीराम भोंगेवाल्याकडे गेले. लग्नात, बारशात, निवडणुकीत त्याचाच भोंगा असे. तो मला म्हणाला, "बांधीत कोनाचं लगन हाय, इंदूबाई?" आणि पैसेही न घेता सामान खांद्यावर टाकून आला. सगळ्या गावावर संशय घेणाऱ्या मला त्याच्या या दिलदारपणाचं मात्र काहीच वाटलं नाही.

पंगतीची मुख्य होती सुभद्राबाई, रोवण्यात हात असा की तिच्या ओळीला दोरी लावायची गरज नव्हती. ती कंबरेवर हात ठेवून भोंग्याकडे पाहत राहिली.

"हे काय होय वं, इंदू?"

"काकीचं नवं गानं हाय. आयका आन् सांगा, यावर रोवता येते का."

"आमाले सांगाले कायले लागते? हात सांगतीन."

बळीरामनं बटण दाबलं. ऑर्गन सुरू झाला आणि धुऱ्यावरचे खरे बगळे सगळेच्या सगळे उडाले. मला फार आनंद झाला. पहिला निकाल आपल्या बाजूनं, असं मी मोजलं. मग तो पिंपावरचा ढोल सुरू झाला, आणि बाया वाकल्या. आधी हात अडखळले. कुणीतरी हसलं. मग त्या ओळीतली एक तरुण सून, जी कधी मान वर करायची नाही, तिनं ढोलाबरोबर रोप टोचलं, टोचलं, टोचलं, आणि सरकत गेली, आणि तिच्या बाजूची तिच्यामागे लागली. बघता बघता सगळी पंगत त्या तालात पडली. हात असे चालत होते की मला बोटं दिसेनात. नागपूरच्या पोरींनी "हो हो हो" केलं की इकडं सगळ्या बाया "हो हो हो" करत होत्या. सुभद्राबाईनं तर एकदा उठून चिखलातच गिरकी घेतली, घसरली, बसली, आणि बसल्या जागीच हसत राहिली. कॅसेट संपली की आरडाओरडा, "लाव गा बळीराम, फिरून लाव." मी धुऱ्यावर उभी होते. पांढरं काही घातलं नव्हतं, एवढाच फरक.

ऊन उतरायच्या आतच बांधी संपली. बाबा आले आणि पाहतच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालणारं काम झालं होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "फौजदार, हा भोंगा रोज लावत जाय." मी इतकी उदास कधी झाले नव्हते. भोंगा उतरवताना बळीराम म्हणाला, "कॅसेट उलटी गुंडाळून सकाळी आनून देतो, इंदूबाई, नाई तं टेप ढिली पडते." मी हो म्हटलं. माझं लक्षच नव्हतं.

सकाळी बाबांच्या ओरडण्यानं जाग आली. आम्ही सगळे बांधीवर गेलो. पाणी हिरवं दिसत होतं. घाईघाईत वरवर टोचलेली पऱ्हे सुटून वर आली होती आणि वाऱ्यानं ढकलून सगळी एका कोपऱ्यात, धुऱ्याला लागून, साचली होती. मधे उघडा चिखल, टकलासारखा. बाबा डोक्याला हात लावून उभे. आणि मी, मूर्ख पोरगी, मनातल्या मनात फुलले. सिद्ध झालं, म्हटलं. ऑर्गनवर धान रोवता येत नाही.

"पाह्यलं का, बाबा?" मी म्हटलं. "हे गानंच खोटं हाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "गानं काय होय थे मले नाई समजत. उतर पान्यात. एकेक पऱ्हं येच आन् फिरून रोव. एकटीनं."

मी उतरले. इतक्यात दुसऱ्या शेतावर निघालेल्या बाया धुऱ्यावरून गेल्या. वाटलं, आता या लाजतील, म्हणतील, इंदू, तुझं खरं होतं. सुभद्राबाईनं तरंगणाऱ्या पऱ्ह्यांकडे एक नजर टाकली, "अगं माय" म्हणाली, आणि लगेच, "इंदू, कालची कॅसेट कोठं हाय वं? आमच्या घरी रातच्यानं सारे थेच म्हनून राह्यले." तिच्यामागची सून तोंडानं ऑर्गन वाजवत गेली.

दुपारची बस गेल्यावर काकी आली. पिशवी हातात तशीच, तडक बांधीवर. स्टँडवर उतरल्या उतरल्या पोरांच्या तोंडून तिनं आपलंच, अजून न निघालेलं गाणं ऐकलं होतं. मला वाटलं, ती मला चिखलातच लोळवेल. ती धुऱ्यावर उभी राहिली, पाण्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, "कॅसेट?"

"बळीरामजवळ."

"कधीपासून?"

"काल सांजपासून."

काकीनं डोळे मिटले, अगदी कव्हरवरच्या फोटोत होते तसे, पण या वेळी जरा जास्त वेळ. तिनं डोळे का मिटले ते मला पुढे कळलं. बळीरामच्या घरी दोन खणांची मशीन होती. कॅसेट त्यानं बोलल्याप्रमाणे सकाळीच, मी बांधीत असताना, घरी आणून दिली होती, नीट गुंडाळून, पण रात्रभरात तिला पुष्कळ लेकरं झाली होती. कंपनीची कॅसेट निघाली तेव्हा ती साकोलीपासून लाखांदूरपर्यंत सगळ्या लग्नांत वाजून वाजून जुनी झाली होती. कंपनीनं तिसरीचं नाव काढलं नाही. मी पाहुण्यांवर, मांजरीवर, काकांच्या इस्त्रीच्या शर्टावर संशय घेत बसले, आणि चोर म्हणावा असा जो एकच माणूस त्या सगळ्या कथेत होता त्याच्या हातात माल मी स्वतः दिला. त्या वयातल्या माझ्या हुशारीबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही.

काकीनं लुगडं खोचलं, पिशवी बाभळीला अडकवली आणि पाण्यात उतरली. आम्ही दोघी वाकून रोवायला लागलो. माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं: कुडाला कान लावला ते, तू नाही नाही म्हणत होतीस ते, तो तुला फसवतो आहे ते, मी तुला सोडवायला हे केलं ते.

काकी रोवता रोवता थांबली. "म्या नाई म्हनत होती, थे कायले?"

"ऑर्गनले."

"ऑर्गन म्याच मागतला, पोरी."

मला ऐकूनही उमगलं नाही. ती पुन्हा वाकली आणि बोलत राहिली, माझ्याकडे न पाहता. देवेनबाबूंना ऑर्गन लावायचाच नव्हता. ते म्हणत होते, काकीजी, जसं आहे तसंच ठेवा, ढोलकी, टाळ, गावच्या बाया, ती तुमची पुतणी. ऐकणाऱ्याला चिखलाचा वास आला पाहिजे. म्हणून तर तो लाल दिव्याचा टेपरेकॉर्डर मोरीवर ठेवला होता, भांड्यांच्या खरखरीसकट गाणं हवं होतं त्यांना. काकी तीनदा नागपूरला गेली ती भांडायला. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले ते काकीच्या बाजूनं बोलायला. पांढरी कॅसेट देवेनबाबूंनी तिच्या म्हणण्याप्रमाणेच भरून आणली होती, ऐकून तरी तिचं मन बदलेल या आशेनं. पेटी इतकी लांबून आणली आहे तर वाजवून तरी दाखवा, असं तिनंच देवेनबाबूंना म्हटलं होतं.

यातलं ते पुतणीबद्दलचं, देवेनबाबूंनी माझा आवाज खरंच मागितला होता का, की काकीनं मला बरं वाटावं म्हणून तेवढं घुसडलं, याचा मला आजही संशय आहे. विचारायला आता दोघंही नाहीत.

"पन काहून, काकी?" मी म्हटलं. "यावर रोवता येत नाई. पाहून राह्यली ना तू?"

"रोवासाठी केलंच नाई थे," काकी म्हणाली. "लहानपनी मंडईत नाटक लागे. आमी बाया मांगं, पडद्याच्या बाजूले बसो. ऑर्गन वाजला का मले वाटे, हे गानं कोनाले काम नाई सांगत. उठ म्हनत नाई, वाक म्हनत नाई. माये सारे गाने कोनाच्या तं कामाले जुंपले हायत. येक तरी असं पायजे होतं का बाईनं आयकाव आन् बसून राहावं. हात रिकामे ठेवून. आन् तू थेच आनलं बांधीत."

मी पुढची जुडी घेऊन वाकले. पाणी ढवळलेलं होतं, त्यात तोंड दिसत नव्हतं, हे बरं होतं. मग जे विचारायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला होता, ऑर्गन, माती, झाडीपट्टी सगळं ज्याच्यावरचं पांघरूण होतं, ते शेवटी तोंडातून बाहेर पडलं. "ऑर्गन ठेवला थे ठीक हाय. पन माहा आवाज काहून काढला? थो बाबू तं ठेव म्हने. तूच नाई म्हटलं असशीन ना?"

काकी उठून सरळ उभी राहिली, चिखलाचा हात पाठीमागे कमरेवर दाबला, आणि माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणार.

"हो, म्याच म्हटलं," काकी म्हणाली. "तुया आवाज आयकला का माही कंबर दुखाले लागते, पोरी."